हरणांसाठी रान जाळताना: शिकारीच्या जमिनीवरील नियंत्रित आगीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या रानांसाठी आहे: जॉर्जिया, अलाबामा, साउथ कॅरोलिना आणि उत्तर फ्लोरिडा. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार कायदेशीर आहे, बहुतेक रान खासगी मालकीचे आहे आणि जमीनमालक दर हिवाळ्यात ठरवून रान जाळतात. तिकडे राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी जमीन घेतली आहे किंवा शिकारीसाठी भाड्याने धरली आहे, त्यांना याचा थेट उपयोग होईल. भारतात वनशास्त्र शिकणाऱ्यांनाही तुलनेसाठी बरेच सापडेल. महाराष्ट्रापुरता वेगळा प्रश्न शेवटाकडे आहे. तो वाचल्याशिवाय इथले काहीही आपल्याकडे करून पाहू नका.

रान जाळल्याने हरणाला नेमके काय मिळते?

तोंडाजवळ कोवळा पाला मिळतो. पांढऱ्या शेपटीचे हरीण गाईसारखे गवतावर जगत नाही. ते निवडून खाते: रुंद पानांच्या वनस्पती, वेलींचे शेंडे, झुडपांचे नवे धुमारे, ओकची फळे. त्याचे तोंड जेमतेम साडेचार फुटांपर्यंत पोचते, म्हणजे त्याच्या वर असलेला पाला हरणाच्या हिशेबी नसल्यातच जमा.

आग झुडपाचा वरचा भाग मारते, मूळ जिवंत राहते. त्या मुळाशी साठलेल्या ताकदीवर वाढीच्या हंगामात दोन-तीन आठवड्यांत नवा फुटवा येतो. तो मऊ असतो, पचायला हलका असतो आणि त्यात जुन्या पाल्यापेक्षा प्रथिने जास्त असतात. दूध पाजणाऱ्या हरणीला आहारात 14 ते 16 टक्के प्रथिने लागतात. जून झालेल्या पाल्यात ती मिळत नाहीत. शिवाय पाचोळ्याचा जाड थर जळून माती उघडी पडते आणि तिच्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेले बी रुजते. रॅगवीड, पोकवीड, पार्ट्रिज पी, चिकट्या शेंगांचे डेस्मोडियम, रानटी लेट्यूस ही सगळी हरणांच्या आवडीची झाडे. माणसाच्या दृष्टीने ते तण.

हा वाढीव कस काही महिनेच टिकतो. चाऱ्याचे प्रमाण मात्र दोन-तीन वर्षे चांगले राहते. नंतर झुडपे डोक्यावर जातात, लपायला छान होतात पण खायला निरुपयोगी. मग पुन्हा आग.

आमच्याकडे दाट पाइन आहे. आग लावली की खाली चारा येईल का?

येणार नाही, आणि सर्वांत जास्त निराशा इथेच पदरी पडते. आधी ऊन, मग आग. फांद्यांना फांद्या भिडलेल्या वीस वर्षांच्या लॉबलॉली पाइनखाली आग लावली तर फक्त सुया, म्हणजे पाइनची गळलेली सुईसारखी पाने, जळतात. जमीन काळी होते, दोन महिन्यांनी तपकिरी होते आणि पुन्हा सुयांनी झाकली जाते.

साधी परीक्षा अशी: जूनमध्ये भर दुपारी बाराच्या सुमारास रानात उभे राहा आणि जमिनीकडे पाहा. निदान एक तृतीयांश जमिनीवर थेट ऊन पडले पाहिजे. निम्म्यावर पडत असेल तर उत्तम. तेवढे पडत नसेल तर काडेपेटी ठेवून द्या आणि विरळणी करणाऱ्याला बोलवा.

पाइनची विरळणी करताना करारात आकडा लिहून घ्या. एका एकरातल्या सगळ्या खोडांचे, जमिनीपासून साडेचार फुटांवरचे, छेद एकत्र मोजले तर होणारे क्षेत्रफळ हे तिथले माप. हरणांसाठी ते एकरी 50 ते 60 चौरस फूट ठेवा. लाकडाच्या उत्पन्नाकडे पाहणारे सहसा 70 ते 80 ठेवतात, आणि मग तीन-चार वर्षांत छत पुन्हा मिटते. विकलेल्या लाकडातून विरळणीचा खर्च निघतो, वर थोडे पैसेही सुटतात. म्हणून ते काम आधी उरकणे सर्वच बाजूंनी शहाणपणाचे.

रुंद पानांच्या रानात ओक आणि फळे देणारी झाडे राखून स्वीटगम, लाल मेपल अशी झाडे उभ्या उभ्या मारतात. कुऱ्हाडीने खोडावर खाचा घ्यायच्या आणि प्रत्येक खाचेत तणनाशकाची मोजून पिचकारी मारायची. नुसते तोडले तर स्वीटगम बुंध्यापासून दहा ठिकाणी फुटते.

विरळणीनंतर लगेच आग लावू नका. तोडलेल्या फांद्यांचे ढीग राखायच्या झाडांच्या बुंध्याशी असतील तर ते दूर ओढा आणि निदान एक पावसाळी हिवाळा जाऊ द्या.

किती वर्षांनी जाळायचे? सगळे एकदम की तुकड्यांनी?

हरणांसाठी तीन ते पाच वर्षांचा फेरा बरोबर बसतो. बॉबव्हाइट लावा पक्ष्यांसाठी रान राखणारे दोन वर्षांनी जाळतात. दरवर्षी जाळले तर झुडपे हटून गवत माजते, आणि ते हरीण फारसे खात नाही.

सगळे एकदम कधीच जाळू नका. पाडस पहिले काही आठवडे आईमागे फिरत नाही, दाट झुडपात निश्चल पडून राहते. त्याला लपायला जागा उरली नाही तर कोयोटचे, म्हणजे तिथल्या कोल्ह्यासारख्या शिकारी प्राण्याचे, फावते. 120 एकर असतील तर 30-30 एकरांचे चार तुकडे करा आणि दरवर्षी एक जाळा. लागून असलेले दोन तुकडे पाठोपाठच्या वर्षी घेऊ नका. पटावरच्या घरांसारखे आलटून पालटून घ्या. मग एकाच हरणीच्या फिरण्याच्या टापूत यंदाचा कोवळा पाला, गेल्या वर्षीची फळझुडपे आणि तीन वर्षांचे दाट लपण, तिन्ही येतात.

तुकड्यांच्या हद्दी कागदावर सरळ रेषेत आखू नका. रस्ता, ओढा, शेताचा बांध जिथे आहे तिथेच हद्द धरा.

महिना कोणता चांगला?

जानेवारीअखेर ते मार्चअखेर हा नेहमीचा काळ. थंडी असते, वारा एका दिशेने स्थिर राहतो, झाडे झोपेत असतात. पहिली आग याच काळात लावा, कारण वर्षानुवर्षांचा साठलेला पाचोळा उन्हाळ्यात पेटला तर झाडे होरपळतात. डिसेंबरमध्ये जाळण्याचा मोह टाळा: पालवी यायला तीन महिने बाकी असतात, तोवर रान उघडे पडते आणि उतारावरची माती वाहते.

एप्रिल ते जून हा त्या भागातला वीज पडून लागणाऱ्या नैसर्गिक आगींचा हंगाम. झाडाने मुळातली ताकद नव्या पानांवर खर्च केलेली असते, म्हणून स्वीटगमसारखी झाडे या आगीत जास्त मरतात.

ऑगस्ट ते ऑक्टोबरची आग अजून फार जण वापरत नाहीत, पण ज्यांच्याकडे पाइनखाली झुडपांची भिंत झाली आहे त्यांनी तिचा जरूर विचार करावा. ही आग झुडपे मागे हटवते आणि रुंद पानांच्या वनस्पतींना वाव देते. हिरव्या रानात ती सावकाश आणि तुटक जळते, मध्ये मध्ये न जळलेली बेटे राहतात. ती हवीच असतात. मात्र उष्म्याने माणसे लवकर थकतात, पाणी दुप्पट ठेवा.

आगीत पाडसे आणि पक्ष्यांची घरटी जळत नाहीत का?

मोठी हरणे आगीपुढून आरामात बाजूला होतात. हिवाळ्यातल्या आगीच्या वेळी पाडसे नसतातच. मे-जूनमध्ये जाळणार असाल तर धोका खरा आहे, पण लहान: तुकडा छोटा ठेवा, आग सावकाश चालवा आणि चारही बाजूंनी एकदम पेटवू नका. रानकोंबडीच्या, म्हणजे टर्कीच्या, घरट्यांवर एप्रिल ते जूनमध्ये आच येऊ शकते. लवकर मोडलेले घरटे मादी बहुधा पुन्हा घालते. दरवर्षी एकूण रानाचा थोडाच भाग त्या काळात जाळणे हा यावरचा व्यवहार्य तोडगा आहे.

परवानगी लागते का? आग शेजाऱ्याकडे गेली तर?

लागते. जॉर्जियात राज्याच्या वनआयोगाकडून आणि फ्लोरिडात राज्याच्या वनसेवेकडून परवानगी घ्यावी लागते. ती त्या दिवसापुरती असते. कालची आज चालत नाही. इतर राज्यांतही परवानगीची किंवा आधी कळवण्याची यंत्रणा आहे, आपल्या काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) वनअधिकाऱ्याला आधी भेटा.

फ्लोरिडाने 1990 मध्ये नियंत्रित जाळणीचा कायदा केला आणि प्रशिक्षित, प्रमाणपत्रधारक जाळणाऱ्यांना संरक्षण दिले. 1999 मध्ये ते वाढवले: लेखी योजना, परवानगी, आग अडवणारे पुरेसे पट्टे आणि पुरेशी माणसे असतील तर नुकसानीची जबाबदारी फक्त घोर निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावरच येते. जॉर्जियाचा कायदा 1992 चा. पण हे संरक्षण कागद पूर्ण असणाऱ्यालाच मिळते. म्हणून प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करा, नाहीतर प्रमाणपत्रधारकाला नेमा. विमा कंपनीला लेखी विचारा. शेतजमिनीच्या नेहमीच्या विम्यात ही आग पुष्कळदा धरलेली नसते.

लेखी योजनेत काय काय असावे?

एका पानाचा नकाशा आणि दोन पानांचा मजकूर पुरतो. तुकड्याचे क्षेत्र, उद्देश एका वाक्यात, जळण्याजोगा माल कोणता आणि किती उंच, हवामानाच्या किमान-कमाल मर्यादा, कुठून पेटवायचे, कोण कुठे उभा राहणार, धूर कुठे जाणार, आग निसटली तर दुसरी रोखायची ओळ कोणती, फोन नंबर. हे थंड डोक्याने महिनाभर आधी लिहिलेले असले की त्या सकाळी मनाचा गोंधळ होत नाही. आकडा मर्यादेबाहेर असेल तर त्या दिवशी जाळायचे नाही. मदतीला दहा माणसे आली आहेत, सँडविच बांधून आणले आहेत, म्हणून मर्यादा ताणायची नाही.

हवामान नेमके कसे हवे?

हिवाळ्यातल्या पाइनखालच्या आगीसाठी हे आकडे धरा.

हवेतली सापेक्ष आर्द्रता 30 ते 55 टक्के. तिशीखाली ठिणगी पडेल तिथे पेटते. साठीच्या वर आग रेंगाळते आणि नुसता धूर करते. एक ठोकताळा लक्षात ठेवा: हवा 20 अंश फॅरनहाइटने तापली की आर्द्रता साधारण निम्मी होते. सकाळी दहाला 60 टक्के दिसली म्हणून निर्धास्त राहू नका, दुपारी तीनला ती 30 असेल.

तापमान 60 अंश फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे साधारण 15 सेल्सिअस. पाइनच्या सुया 140 फॅरनहाइटच्या आसपास मरतात. हवा थंड असेल तर तिथवर पोचायला आगीला जास्त धग लागते, म्हणून शेंडे वाचतात.

वारा झाडांमध्ये डोळ्यांच्या उंचीवर ताशी 1 ते 3 मैल, आणि दिशा ठाम. वाऱ्याशिवाय जाळणे सुरक्षित, असे नवख्यांना वाटते. ते उलट आहे. वारा पडला की धग सरळ शेंड्यांवर जाते आणि आग कुठे वळेल ते सांगता येत नाही. पाऊस देऊन थंड हवेचा पट्टा पुढे सरकला की नंतरचे दोन-चार दिवस वायव्येचा स्थिर वारा मिळतो. अनुभवी माणसे त्याच दिवसांची वाट पाहतात.

धुरासाठी हवा किती उंचीपर्यंत मिसळते तेही पाहा. निदान 1,700 फूट हवे. राष्ट्रीय हवामान सेवेच्या रोजच्या अग्निहवामान अंदाजात हा आकडा असतो.

शेवटी हात घालून पाहा. वरच्या थरातली पाइनची एक वाळकी सुई उचला आणि हळूहळू गोल वाकवा. टचकन तुटली तर वरचा माल जळायला तयार आहे. तार वाकावी तशी वाकली तर थांबा. मग बोट पाचोळ्यात खाली मातीपर्यंत घाला. तळाचा कुजका थर बोटाला गार आणि ओलसर लागला पाहिजे. तोही कोरडा असेल तर आग आत शिरते, झाडांची पृष्ठभागाजवळची बारीक मुळे भाजते आणि आठवडाभर धुमसते. शेंडा हिरवा दिसणारे पाइन नंतर हळूहळू वाळायला लागते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

आग अडवणारा पट्टा किती रुंद?

उघड्या मातीचा 8 ते 12 फूट पट्टा, ट्रॅक्टरच्या डिस्कने दोन-तीन फेऱ्यांत निघतो. मातीवर काडीही राहता कामा नये. पट्टा आडवा ओलांडणारे एक वाळके मूळ किंवा पडलेले खोडही आगीला पूल ठरते. रुंद पानांच्या रानात लीफ ब्लोअरने चार-सहा फुटांची वाट मातीपर्यंत साफ केली तरी सावकाश आगीला पुरते, पण ती जाळायच्या दिवशी सकाळी पुन्हा फिरून साफ करा, रात्रीत पाने पडतात.

पट्ट्यापासून 100 फुटांच्या आतली उभी वाळकी खोडे आधीच पाडा किंवा त्यांच्या भोवतीचा पाचोळा ओढून घ्या. वर पेटलेले पोकळ खोड दूरवर ठिणग्या उधळते. उतारावरच्या पट्ट्याला दर काही अंतरावर तिरपे बांध घाला, नाहीतर पहिल्या पावसात त्याची घळ होते.

कोणते साहित्य आणि किती माणसे लागतात?

चाळीस एकरांच्या आतल्या सोप्या तुकड्याला चार ते सहा जण, त्यातला एक प्रमुख. पेटवणारे दोन, बाकीचे आग अडवणाऱ्या पट्ट्यावर. प्रत्येकाकडे रेडिओ.

पेटवायला ड्रिप टॉर्च, म्हणजे पेटते इंधन थेंबाथेंबाने जमिनीवर टाकणारी हातातली टाकी. तिच्यात सव्वा ते दीड गॅलन इंधन मावते: तीन भाग डिझेल, एक भाग पेट्रोल. नुसते पेट्रोल कधीही नाही. नळीला एक वेढा असतो, तो ज्योत मागे टाकीत जाऊ नये म्हणून. भरताना नळी टाकीत उलटी बसलेली असते. बाहेर काढून, रबरी वायसर जागेवर आहे का पाहून, घट्ट आवळा. हवेचा छोटा स्क्रू उघडला नाही तर इंधन थेंबाथेंबानेही येत नाही. झाकण सैल राहिले तर ते पेटवणाऱ्याच्या पँटवर ओघळते. दोन्ही गोष्टी पेटवण्यापूर्वी तपासा.

बाकी: आग झोडपून विझवायचा रबरी फ्लॅपर, दातेरी फायर रेक, पाठीवरचे पाच गॅलनचे पंप (भरल्यावर वीस किलोच्या वर जातात, तरण्या माणसाला द्या), लीफ ब्लोअर, चेनसॉ, आणि टाकी-पंप लावलेली चार चाकी छोटी गाडी. अंगावर सुती किंवा अग्निरोधक कपडे, चामड्याचे बूट आणि हातमोजे. नायलॉन, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. आतले कपडेही सुतीच हवेत.

आग प्रत्यक्षात कशी लावायची?

आधी शेजारी, अग्निशमन दल आणि काउंटीच्या नियंत्रण कक्षाला फोन. मग वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे जातो त्या टोकाला, पट्ट्याला लागून चाचणीची छोटी आग. दहा-पंधरा मिनिटे बघत राहा. ज्वाळा किती उंच, धूर कुठे झुकतो, आग मनासारखी चालते का. मनासारखी नसेल तर विझवायला हीच शेवटची सोपी वेळ.

चाचणी पटली की त्या खालच्या कडेने पूर्ण ओळ पेटवा. आग वाऱ्याच्या उलट, आत सरकू लागते. या उलट्या आगीचा वेग तासाला 65 ते 200 फूट, ज्वाळा गुडघ्याच्या आसपास. काम कंटाळवाणे वाटते, पण तेच तुमचे कवच: दोन-तीन तासांत खालच्या बाजूला काळी, जळून गेलेली रुंद पट्टी तयार होते. ती 100 फुटांच्या आसपास होईपर्यंत बाकी काही पेटवू नका. बहुतेक निसटलेल्या आगी इथल्या घाईतून निघतात.

मग बाजूच्या कडा सुरक्षित करा, आणि त्यानंतर आतल्या भागात पट्ट्यापट्ट्यांनी वाऱ्यासोबतची आग. काळ्या भागापासून 20-30 फुटांवर पहिली रेघ ओढा. ती वाऱ्याबरोबर धावून काळ्याला भिडते आणि विझते. ठीक चालले तर पुढची रेघ 65 फुटांवर, मग अंतर वाढवा, 200 च्या पुढे नको. ज्वाळा चार फुटांच्या वर गेल्या तर हातातल्या अवजारांनी ती आग रोखता येत नाही, असे धरून रेघांमधले अंतर लगेच कमी करा. पेटवणारे दोघे असतील तर ते एकमेकांना दिसतील असे चालावेत. जो वाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे त्याने मागे राहायचे.

चारही बाजूंनी वर्तुळ करून पेटवणे मोकळ्या, झाडे नसलेल्या तुकड्यातच. मध्ये धग एकवटते आणि पाइनचे शेंडे जातात.

धुराचे काय?

हा भाग आगीपेक्षा जास्त काळजीचा आहे. नकाशावर वाऱ्याच्या दिशेने रेघ मारा आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंखा उघडावा तसा कोन धरा. त्यात शाळा, रुग्णालय, मोठा रस्ता, कोंबड्यांची शेड येत असेल तर दुसऱ्या वाऱ्याची वाट पाहा. जवळच्या रस्त्यावर दोन्हीकडे फलक लावा.

खरी भीती रात्रीची. धुमसत्या बुंध्यांचा धूर थंड हवेबरोबर ओढ्याच्या खोलगटात उतरतो, धुक्यात मिसळतो आणि हात पुढे केला तर दिसत नाही अशी भिंत होते. 9 जानेवारी 2008 रोजी पहाटे फ्लोरिडात आय-4 महामार्गावर निसटलेल्या नियंत्रित आगीचा धूर आणि धुके असे मिसळले आणि सुमारे 70 गाड्या एकमेकांवर आदळल्या, माणसे गेली. म्हणून दुपारी तीन-साडेतीनपर्यंत ज्वाळा संपतील असा बेत करा आणि सूर्यास्तापूर्वी धूर संपवायला लागा.

विझवणी कितपत करायची?

पट्ट्यापासून आत 50 ते 100 फुटांत एकही धूर राहता कामा नये. उघड्या हाताची पाठ राखेजवळ नेऊन धग तपासा, पाणी मारा, फायर रेकने उलथापालथ करा, पुन्हा पाणी. बुंध्यांची पोकळ मुळे जमिनीखालून पट्टा ओलांडतात, तिथे खणा. दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा उठतो त्या वेळी, पुन्हा फेरी. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत रोज एक.

आमची झाडे मरतील का?

लॉबलॉली 12-15 फुटांची होईपर्यंत तिच्याखाली आग नको. लाँगलीफ पाइन मात्र गवतासारखी दिसणाऱ्या बालवयातही आग सोसते; तिचा कोंब सुयांच्या झुपक्यात सुरक्षित असतो. एकेकाळी आग्नेय अमेरिकेत सुमारे 9 कोटी एकरांवर तिचीच राने होती आणि ती आगीमुळेच टिकून होती. सुया होरपळून तपकिरी झाल्या म्हणजे पाइन मेले असे नाही. शेंड्याची कळी जिवंत असेल तर ते पुन्हा हिरवे होते.

ओकचे तसे नाही. फळांसाठी किंवा लाकडासाठी राखलेल्या प्रत्येक मोठ्या पांढऱ्या ओकच्या बुंध्याभोवतीचा पाचोळा दोन फूट ओढून घ्या, पडलेली खोडे दूर करा, आणि तिथे फक्त सावकाश उलटी आग जाऊ द्या. साल भाजली की वर्षांनी आत कूज धरते.

कोगनग्रास असेल तर?

आधी तणनाशक, आग नंतर. हे आशियातले गवत आहे, आपल्याकडे दर्भ म्हणतात त्या गवतांपैकी एक. 1912 च्या सुमारास जपानहून आलेल्या खोक्यांच्या भरणातून ते अलाबामात मोबीलजवळ पोचले. त्याची आग अतिशय कडक असते आणि जळल्यावर ते आणखी पसरते. त्यातून फिरवलेली डिस्कही तिथल्या तिथे धुऊन घ्या, कारण मुळांचे तुकडे पुढच्या तुकड्यात रुजतात.

खर्च किती?

ठेकेदाराकडून एकरी साधारण 30 ते 60 डॉलर, छोट्या तुकड्यांना जास्त, कारण माणसे-यंत्रे आणायचा खर्च तोच राहतो. पट्टे काढण्याचे पैसे वेगळे. केंद्राच्या नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवेच्या योजनांतून काही वाटा परत मिळू शकतो, पण अर्ज जाळण्याआधी मंजूर व्हावा लागतो. अनेक ठिकाणी जमीनमालकांचे जाळणी संघ आहेत: आज तुम्ही त्यांच्याकडे, उद्या ते तुमच्याकडे, आपल्याकडच्या इर्जिकीसारखे. शिकायला याहून चांगली जागा नाही.

महाराष्ट्रात असे करता येईल का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार शिकार बंद आहे आणि राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम 1927 खाली गुन्हा आहे. वनविभाग स्वतः जाळरेषा काढून त्यातला माल आगीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे 15 फेब्रुवारीपूर्वी, जाळतो. मोहाची फुले वेचायला किंवा तेंदूला नवी पाने यावीत म्हणून लावलेली आग ही वेगळीच गोष्ट: ती भर उन्हाळ्यात, पट्ट्याशिवाय, मालकाशिवाय फिरते.

शिवाय प्राणी वेगळा. चितळ मुख्यतः गवतावर चरते, त्यामुळे जळल्यावरच्या कोवळ्या गवतावर ते लगेच येते. गंमत म्हणजे हेच चितळ 1932 पासून टेक्ससमध्ये ‘ॲक्सिस डिअर’ म्हणून नांदते आहे. तिथल्या मालकांनी हे ध्यानात ठेवावे: आगीने गवत वाढले तर चितळाचे पोट भरते, पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पाला लागतो, आणि पाला संपला की चितळ गवतावर निभावते, हे मात्र उपाशी राहते.

फायदा झाला की नाही, हे कसे ओळखायचे?

जाळलेल्या तुकड्यात मार्चमध्येच कुंपणाच्या जाळीचे दोन-तीन गोल पिंजरे उभे करा: उंची चार फूट, व्यास तीन-चार फूट, दोन लोखंडी कांबींनी ठोकलेले. ऑगस्टमध्ये पिंजऱ्याच्या आतले आणि बाहेरचे रान शेजारी शेजारी पाहा. आतही काही उगवले नसेल तर ऊन कमी आहे, विरळणीकडे परत जा. आत-बाहेर दोन्हीकडे भरपूर असेल तर चारा हरणांना पुरून उरतो आहे. आत कमरेएवढे पोकवीड आणि बाहेर खुरटलेले देठ, असे दिसले तर हरणे चाऱ्याच्या मानाने जास्त झाली आहेत. त्यावर आणखी आग हा उपाय नाही. येत्या हंगामात परवान्यात बसतील तेवढ्या हरणी मारा आणि पुढच्या मार्चमध्ये पिंजरे पुन्हा लावा.